असरोलची मुळी आणि खालाची गोळी

मागच्या रमजानमध्ये माझ्या खालाने बीपीची गोळी बंद केली. सहरीला ती मधात कालवून चमचाभर कलौंजीचं तेल घ्यायची. "कलौंजी में शिफा है रे बाबा, गोली में क्या रख्या है?" सतराव्या रोज्याला तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. आता ती बोलते, पण शब्द शोधत शोधत. कलौंजीचा तो मेसेज घरच्या ग्रुपवर पुढे पाठवणारा मीच होतो. बीएड झालेला, मुलांना रोज 'वाचून समजून घ्या' म्हणणारा शिक्षक.

कलौंजीत शिफा असल्याची हदीस सहीह बुखारीत आहे, माझा तिच्यावर ईमान आहे. पण डॉक्टरची गोळी सोडून द्या, असं त्या हदीसमध्ये कुठे आहे? तो भाग मोबाइलवाल्यांनी जोडला. हे मी आमच्या मोहल्ल्यात तेलाच्या बाटल्या विकणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना म्हणालो, तर ते चिडले. "सर, तुम्ही आपल्या हकिमांचा वारसा विसरलात."

वारसाच काढायचा असेल तर दिल्लीच्या हकीम अजमल खान यांचा काढू. सर्पगंधेची मुळी, युनानीतलं असरोल, वेड लागलेल्या माणसाला शांत करायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली जायची. हकीमसाहेबांना तिचा गुण माहीत होता. त्यांनी बाटल्या भरून विकायला काढल्या असत्या तर कोणी अडवलं नसतं. त्यांनी काय केलं, तर सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुण रसायनतज्ज्ञाला हाताशी धरलं. सिद्दिकी 1927 साली फ्रँकफर्टहून डॉक्टरेट घेऊन आले होते. हकीमसाहेबांच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी ही मुळी तपासायला घेतली. हकीमसाहेब त्याच वर्षी डिसेंबरात वारले, काम मात्र थांबलं नाही. 1931 मध्ये निष्कर्ष छापून आले: मुळीतून पाच वेगवेगळे अल्कलॉइड स्फटिकरूपात निघाले होते, तीन पांढरे आणि दोन पिवळे. पांढऱ्यांतल्या एकाला सिद्दिकींनी 'अजमलीन' नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी डॉक्टर आजही ते वापरतात.

बीपी उतरवणारा मुख्य पदार्थ मात्र या पाचांत नव्हताच. त्याच 1931 साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी या मुळीने रक्तदाब उतरतो, असं लिहिलं. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांना मुळी देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये 50 रुग्णांचे निकाल 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. साऱ्या जगाचं लक्ष गेलं ते तेव्हा. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात 'रेसरपीन' वेगळं झालं आणि त्याच्या पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या निघाल्या. म्हणजे खाला ज्या गोळीवर रागावली होती, तिच्या खानदानात एक हकीमसाहेबांची मुळीही आहे!

वेगळं काढायचं कशाला, अख्खी मुळी काय वाईट, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मुळी कुठल्या रानातली, कोणत्या ऋतूत खणलेली, यावर तिच्यातलं औषध कमीजास्त होतं. चिमूटभर चूर्णात किती गेलं, ते देणाऱ्यालाही कळत नाही. मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागलं तेव्हाच किती दिल्यावर काय होतं, याचा हिशेब लागला. रेसरपीनने काही रुग्ण खोल उदासीत जातात, हेही मग दिसलं. डोस कमी झाले आणि नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. तपासणीत औषधाची अब्रू जातेही, ते सोसायची तयारी हवी.

आणि ही काही फिरंग्यांची रीत नव्हे. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये औषध पारखायचे नियम लिहून ठेवलेत. औषध भेसळीचं नको. गुण एकदाच नाही, पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे. आणि माणसावर पाहिल्याशिवाय माणसासाठी खरं मानू नये, घोड्यावर किंवा सिंहावर पाहिलेलं पुरत नाही. आमच्या गृहस्थांच्या बाटलीवर मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत अकरा आजार छापलेत. मी मोजले.

कलौंजीची चेष्टा मला करायची नाही. तिच्या तेलातल्या थायमोक्विनोनवर प्रयोगशाळेत भरपूर काम झालंय, माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत रक्तदाब थोडासा उतरलेलाही दिसलाय. थोडासा. दहावीच्या मुलांना मी आता हे सगळं सांगतो, विषय उर्दूचा असला तरी. एका पोरीने विचारलं, "सर, मग दादीला तेल बंद करायला सांगू का?" म्हटलं, तेल राहू दे बेटा, गोळी चालू आहे का ते बघ.

खालाची गोळी रोज सकाळी मी स्वतः देतो. तेलाची बाटली अजून तिच्या फडताळात आहे. ती डोक्याला लावते.