शिकवलेला शिक्रा आणि अडाणी कोंबडी

आमचे एक स्नेही आहेत. बँकेत माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात, त्यामुळे स्नेह टाळता येत नाही. भंडाऱ्यात घर, घरामागे मोठी वाडी, वाडीत आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. गेल्या वैशाखात वादळाने आंब्यावरचे घरटे पडले. त्यातले शिक्र्याचे पिल्लू या गृहस्थांनी टोपलीखाली झाकून ठेवले. मला म्हणाले, "शिकवतो जी मी त्याले. मंग तो तितर आणन, अन् कोंबड्याइची राखणबी करन."

म्हणजे वसुलीला तोच आणि तिजोरीवरही तोच! तिजोरीच्या दोन किल्ल्या एका माणसाकडे देऊ नयेत, एवढे तर बँकेतल्या शिपायालाही ठाऊक असते.

मी कडाडून विरोध केला. म्हणजे चहाच्या वेळी आवाज चढवून बोललो. स्नेह्यांनी लगेच इतिहास काढला. अकबराकडे बाज होते, भावनगरच्या धर्मकुमारसिंहजींनी ससाणे उडवले, अमिरातीत २००२ पासून ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट मिळतो, २०१० मध्ये युनेस्कोने ही कला वारशाच्या यादीत घेतली. सगळे कबूल. पण त्या यादीत या कलेपुढे भारताचे नाव नाही. आणि अकबराच्या बाजाशेजारी अकबराची कोंबडी दाणे टिपत होती, असे निदान माझ्या तरी वाचनात नाही. शिवाय शिक्रा म्हणजे त्या दरबारातला कारकून! लवकर शिकतो म्हणून त्याला कामाला जुंपायचे आणि त्याने मारलेली पाखरे मानाच्या बाजांना चारायची. हे वाचल्यापासून मला शिक्र्याविषयी फार आपुलकी वाटते.

आता 'शिकवणे' म्हणजे काय, तेही ऐका. पक्षी रोज तोलायचा आणि बेताचा उपाशी ठेवायचा. अंगावर चरबी चढली की तो झाडावर बसून तुमच्या शिट्टीला भीक घालत नाही. वजन जरा उतरले की मुठीवरच्या मांसासाठी मुकाट परत येतो. कुत्रा मालकाला ओळखतो, शिक्रा तुकड्याला. आणि स्नेह्यांचा तुकडा कशाचा? कोंबडीचा! सकाळ-संध्याकाळ त्या पोराकडून 'कोंबडी म्हणजे जेवण' एवढाच धडा घोटून घ्यायचा आणि पुढे त्यालाच रखवालदार नेमायचे!

"शिक्रा पारव्याएवढा, तो कोंबडीले काय करते?" हा त्यांचा हुकमी एक्का. कोंबडीला नाही हो, तिच्या पिल्लांना उचलतो. माझ्या अंगणातली दोन त्याने गेल्या वर्षी नेली. मी दावा लावला नाही. तो रानचा, पोटासाठी आला, गेला. पण त्याला हौसेने घरात आणून ठेवायचा? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे सांगितले तर म्हणाले, "कोन पाहाते?" डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, कोंबड्यांचा रोग मांसाहाऱ्यालाही सोडत नाही, हेही सांगून पाहिले. त्यावर त्यांनी माझा चहा पिऊन टाकला.

कोण पाहते, तर कोंबडा पाहतो. आकाशातल्या शत्रूसाठी त्याची हाक वेगळी, जमिनीवरच्या मांजर-मुंगसासाठी वेगळी. वरची हाक आली की कोंबड्या जागच्या जागी अंग चोरून बसतात. टोपलीतले पिल्लू बाहेर काढून खांबाला बांधले, त्या दिवसापासून या कोंबड्याने दिवसभर एकच हाक लावून धरली. कोंबड्या खुराड्याबाहेर येईनात. आठवडाभरात अंडी बंद. माझ्या चार दिवसांच्या युक्तिवादाने जे झाले नाही, ते वहिनींनी रिकामी परडी पुढे आपटून एका मिनिटात केले. वनखात्याचे लोक येऊन पिल्लू घेऊन गेले.

स्नेह्यांना आता वाडीवर जाळी टाकायची आहे. त्यासाठी कर्जाचा अर्ज भरला आहे, आणि जामीनदाराच्या रकान्यात मला न विचारता माझे नाव.