अस्तरावरचा दसरा

हिंजवडीत राहणाऱ्याला वाट पाहायला वेगळे शिकावे लागत नाही. चौकातली वाहतूक ते शिक्षण रोज फुकट देते. पण वाट पाहणे हेही एक काम असते, हे यंदा मला एका जुन्या मालट्रकने शिकवले.

आमच्या घरमालकांच्या आवारात, चिंचेखाली, 1966 सालची टाटा-मर्सिडीज कित्येक वर्षे उभी होती. हे जोडनाव तरुण वाचकांना नवलाचे वाटेल. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात मालट्रक बांधायला घेतले. 1969 साली करार संपला आणि पुढच्या गाड्यांच्या नाकावरून तो तीन टोकांचा तारा गेला. आमच्या ट्रकवर तो अजून आहे. मालकांचे वडील आबा स्वतः ही गाडी हाकीत. तिने मुळशीचा तांदूळ पेठेत नेला, विटा वाहिल्या, प्रसंगी वऱ्हाडेही नेली. पुढे शेते गेली, संगणकाच्या कचेऱ्या आल्या. गाडी तेवढी राहिली.

आबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. काचबिंदूने नजर दिवसेंदिवस मागे सरते आहे. "येत्या दसऱ्याला माझ्या गाडीला पहिल्यासारख्या निळ्या रंगात हार घालायचाय," एवढेच त्यांनी मुलाजवळ मागितले.

नातवाने आधी कागदोपत्री चौकशी केली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वारशाची खास नोंद देणारा नियम केंद्र सरकारने 2021 साली केला खरा. पण त्यात दुचाकी आणि खासगी मोटारी बसतात, मालट्रक नाही. ज्याने घर चालवले त्याला वारशात जागा नाही! "नसू दे," आबा म्हणाले, "रंगाला परवाना लागत नाही."

एक म्हातारे पेंटर बोलावले. त्यांना सगळे मामा म्हणू लागले. त्यांनी जुना रंग खरवडला, गंज काढला, खड्ड्यांत लांबी भरून पॉलिश पेपरने घासली आणि तांबड्या रेड ऑक्साईडचे अस्तर दिले. तोच मृग आला. मुलाने गाडीवर घट्ट ताडपत्री बांधली. मामांनी ती त्याच दिवशी सोडायला लावली. खाली कोंडलेली वाफ पत्र्यालाच चिकटते, आणि अस्तर काही पाणी अडवीत नाही. ते सच्छिद्र असते. मग बांबू रोवून वर पत्र्याचे छप्पर घातले आणि चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवल्या. तरीही कुठे तांबूस ठिपका उमटला की मामा तेवढा भाग घासून पुन्हा अस्तर देत. असे चार महिने गेले.

दसऱ्याच्या तोंडावर हस्त बरसू लागला. मालक काकुळतीला आले. "मामा, कसेही करून दोन हात मारा!" मामांनी ओले फडके दारावरून फिरवले. "हे पंधरा मिनिटांत वाळलं, तर डबा उघडतो." अर्ध्या तासानेही पत्रा ओलाच! दुसऱ्या दिवशी नातवाने मोबाइल दाखवला. उद्या ऊन पडणार होते. ज्या पुण्यात 1928 साली सिमल्याहून हवामानखात्याचे मुख्य कार्यालय आले, तिथे अंदाजाचा अनादर कोण करील? पण मामा म्हणाले, "हा आभाळाचं सांगतोय. मला पत्र्याचं कळायला हवं."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. रात्री पत्रा हवेपेक्षा गार होतो आणि निरभ्र आकाशाखालीही त्याच्यावर दव धरते. त्यावर रंग दिला की ओल आत कोंडते. आज चकाकणाऱ्या रंगाला पुढे फोड येतात आणि गंज खालून पोखरीत जातो. म्हणून सकाळी ऊन चढल्यावर सुरुवात करायची, तापल्या पत्र्याला हात लावायचा नाही आणि दव पडायच्या आत डबा बंद करायचा.

मालकांना हे पटत होते, पण वडिलांची नजर थांबणार नव्हती. त्या दोघांत मी कोणाची बाजू घ्यावी हे मला सुचेना. शेवटी निकाल आबांनीच दिला. नातवाचा हात धरून ते गाडीपाशी आले आणि दारावरून तळवा फिरवीत राहिले. "गुळगुळीत झालंय," ते म्हणाले. "मला दिसावा म्हणून ओल्यावर रंग मारू नका. मी किती दिवस बघणार? गाडीला उभं राहायचंय."

दसऱ्याला तांबड्या अस्तरावरच झेंडूचा हार चढला. ताऱ्याखाली आपट्याची पाने ठेवली. मामांनी नमस्कार करून पुन्हा फडके फिरवले, आणि त्या प्रसंगातही आम्हांला हसू आले.

हा मजकूर संपादकांच्या तगाद्यामुळे घाईनेच लिहितो आहे. काल फडके बारा मिनिटांत वाळले. आज निळ्या रंगाचा पहिला हात झाला. तो वाळला की दुसरा. आबा सकाळपासून खुर्ची टाकून बसले आहेत. निळा दिसतो का, असे विचारले तर "अगदी पहिल्यासारखा," म्हणतात. खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक. आम्ही कोणी दुसऱ्यांदा विचारलेले नाही.