पेटीला कान नसतात

३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीत, कॉलेजच्या आवारात, बारावीतल्या एका मुलाचा धारदार शस्त्राने खून झाला. मारणारी मुलेही अल्पवयीनच निघाली. दुसऱ्या दिवशी १ ऑक्टोबर, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन होता. या दोन तारखा कॅलेंडरात शेजारी आल्या हा योगायोग. पण सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेला माणूस यांची बारामती-इंदापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांत गाठच पडत नाही, हा योगायोग नाही.

त्या खुनानंतर बारामतीत ‘शक्ती अभियान’ आले. शक्ती बॉक्स म्हणजे तक्रारपेटी, शक्ती नंबर, शक्ती कक्ष, शक्ती नजर, शक्ती भेट. हेतू चांगला आहे आणि छेडछाडीने त्रासलेल्या मुलींना अशा सोयी हव्यातच. पण पेटीत चिठ्ठी टाकतो तो त्रास सोसणारा. त्रास देण्याच्या वाटेला लागलेला मुलगा कुठल्याही पेटीत काही टाकत नाही.

हा मुलगा आपल्याला अनोळखी नाही. दहावीत गणितात अडकलेला, बाप एमआयडीसीत पाळीवर किंवा कारखान्याच्या हंगामात गुंतलेला, आई दुसऱ्याच्या रानात. वाढदिवसाचा केक कोयत्याने कापायचा आणि त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवायचा, ही त्याची प्रतिष्ठा. गावातला ‘भाई’ त्याला काय देतो? गाडीत पेट्रोल, हॉटेलात जेवण, आणि या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेळ. ‘काय रे, कुठं होता दोन दिवस?’ असे विचारणारा तो पुष्कळदा एकटाच मोठा माणूस असतो. भाईशी स्पर्धा करायची तर ती वेळाचीच करावी लागेल, आणि वेळ आहे तो निवृत्तांकडे. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसलेले शिक्षक, माजी सैनिक, सेवेतून सुटलेल्या परिचारिका, भवानीनगर-माळेगावच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर अशी माणसे इथे गावोगाव आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांनी त्यांना एकत्र आणलेच आहे. सहली आणि आरोग्य शिबिरे यांच्या जोडीला अशा मुलांना वेळ देण्याचे काम त्यांनी घ्यावे, अशी आमची सूचना आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. जपानने १९५० साली कायदा करून स्वयंसेवक परिवीक्षा अधिकाऱ्यांची, म्हणजे ‘होगोशी’ची, व्यवस्था पक्की केली. आज तिथे सुमारे सत्तेचाळीस हजार सामान्य नागरिक बिनपगारी हे काम करतात. त्यांचे सरासरी वय पासष्टच्या आसपास आहे. महिन्यातून एक-दोनदा गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला घरी बोलवायचे, चहा द्यायचा, कामाचे-शाळेचे विचारायचे. एवढेच. या व्यवस्थेची किंमतही ठाऊक असावी: मे २०२४ मध्ये ओत्सू शहरात एका होगोशीचा, त्याच्याच देखरेखीखालच्या माणसाने खून केल्याचे उघड झाले आणि घरी एकट्याने भेटण्याच्या प्रथेवरच तिथे प्रश्न उभा राहिला. आपण तो धडा आधीच घ्यावा. भेटी शाळेत, ग्रंथालयात, ग्रामपंचायतीत व्हाव्यात. चार लोकांच्या डोळ्यांसमोर, बंद दाराआड नव्हे. त्यात मुलाचेही रक्षण आहे. येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाची पोलीस पडताळणी व्हावी. वय हे काही चारित्र्याचे प्रमाणपत्र नाही.

कायद्यात जागाही आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम १८ नुसार बालन्याय मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, कमाल तीन वर्षांसाठी, ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली सोडू शकते. मंडळ बसते येरवड्याला. इंदापूरच्या टोकाकडून तारखेला जायचे तर बापाचा दिवसाचा रोज बुडतो. तो बुडू नये म्हणून तारीखच बुडवली जाते. सोबत जायला एक जाणता माणूस मिळाला तरी फरक पडेल. पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, पासष्टीपुढच्यांना अर्धे तिकीट. सरकारने एवढी सोय तरी आधीच करून ठेवली आहे!

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडचे ज्येष्ठ ऐकण्यापेक्षा सांगण्यात तरबेज. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे पहिले वाक्य कानावर पडले की मुलगा मोबाइल काढतो आणि दुसऱ्या भेटीला येत नाही. त्यामुळे निवडीइतकेच प्रशिक्षणही लागेल, आणि ते मुख्यतः गप्प बसण्याचे. गावच्या राजकारणात, भावकीच्या भांडणात ज्यांचा हात आहे त्यांना तर दूरच ठेवावे. उद्या हाच मुलगा निवडणुकीत त्यांचा कार्यकर्ता म्हणून फिरताना दिसायला नको.

उपदेशाऐवजी काम हातात घेतले, तर हा पेच बराच सुटतो. शाळा सुटलेल्या मुलाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला दहावीला बसवणे, आयटीआयच्या प्रवेशाची तारीख लक्षात ठेवणे, बँकेत खाते उघडून देणे, गॅरेजवाल्याकडे शब्द टाकणे. निवृत्त मुख्याध्यापकाला यातले सगळे येते आणि फिटरला त्याहून जास्त. मुलगा बोलायला लागतो तो बहुधा अशा कामाच्या निमित्ताने.

सुरुवातीला नवे कार्यालय नको, नवे नावही नको. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतोच. त्याने आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मिळून यंदा दहावीला नापास होऊन पुन्हा न आलेल्या मुलांची नावे शाळांच्या हजेरीपटांवरून काढावीत आणि ती यादी, गोपनीय राखून, पडताळणी झालेल्या ज्येष्ठांपर्यंत पोचवावी. दिवाळीच्या सुट्टीआधी हे काम होऊ शकते.