खाडी गिळणारा नकाशा

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जिथे समुद्राला मिळते त्या एन्नोर येथे भरतीचे पाणी आजही आत येते, कोळी आजही होड्या लोटतात, औष्णिक वीजकेंद्राची राख आजही त्या पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून आहे. आणि तरीही १९९६ साली मंजूर झालेल्या किनारपट्टी नकाशात ठसठशीत दिसणारी ही खाडी नंतरच्या एका सरकारी नकाशात असू नये, ती कोठे गेली याची नोंद करण्याचीही कोणाला गरज वाटू नये, आणि २०१७ साली कोळ्यांनी व मूठभर कार्यकर्त्यांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणेपर्यंत एकाही अधिकाऱ्याच्या लेखणीला कंप सुटू नये, याला प्रशासन म्हणावयाचे की दरोडा? नदी जागेवर होती. नकाशाने ती गिळली होती.

सरकारी मोजणीदार जे पुसतो ते जपून ठेवण्याचे काम अखेर कलावंताच्या वाट्याला यावे, हे कलावंताचे भूषण असेल. शासनाचे ते लांच्छन आहे. त्याच २०१७ च्या जानेवारीत टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीतातील अग्रगण्य गायकाने ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ गायिले आणि एन्नोरची राखाडी खाडी साऱ्या देशापुढे मांडली. शब्द कबेर वासुकी यांचे, रागमालिका आर. के. श्रीरामकुमार यांची, आणि भाषा मात्र सभागृहातल्या सोवळ्या तमिळऐवजी चेन्नईच्या गल्लीतली. पोरंबोक्कु ही महसुली दप्तरातील सारा न बसणारी जमीन: तळी, खाड्या, गायराने, सर्वांच्या वापराची आणि म्हणूनच कोणा धनिकाच्या नावावर नसलेली. मार्गळी महिन्यातील मैफलींत समेवर माना डोलावणाऱ्या किती रसिकांनी त्यानंतर त्या राखेकडे मान वळवली, हे आम्ही विचारीत नाही. उत्तर आम्हांस ठाऊक आहे.

चित्रकारांची साक्ष याहून जुनी आहे. तरुणपणी केरळच्या पाणथळ मुलखाची जलरंगातील निसर्गचित्रे रंगवणारे आणि पुढे मद्रासच्या शासकीय कलाशाळेचे प्राचार्य झालेले के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६६ साली आपल्या शिष्यांसह आणि सहकाऱ्यांसह इंजंबाक्कम येथे समुद्रकाठची सुमारे दहा एकर जमीन घेऊन चोळमंडल हे कलाग्राम वसवले. पैसा कोठून आला? बाटिकची कापडे आणि हस्तकलेच्या वस्तू विकून. त्याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेस, नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या कलाक्षेत्र या कलासंस्थेने तिरुवान्मियूरच्या उजाड वाळूत सुमारे शंभर एकरांवर झाडे वाढवली. आज ईस्ट कोस्ट रोडने जावे तर विश्रामधामे, बंगले, लग्नाची दालने आणि कुंपणे यांच्या अखंड रांगेत श्वास घ्यावा अशा ज्या थोड्या जागा उरल्या आहेत त्यांत या दोहोंची गणना करावी लागते. एका नर्तकीने आणि चाळीसेक चित्रकारांनी जे स्वतःच्या बळावर राखले, ते कायदा, पोलीस, कचेऱ्या आणि कर हाताशी असलेल्या महानगर विकास प्राधिकरणाला का राखता आले नाही? राखावयाचे नव्हते म्हणून.

हा रोग आजचा नाही. १९२० च्या दशकात मैलापूरपासून नुंगंबाक्कमपर्यंत पसरलेला लाँग टँक हा विस्तीर्ण तलाव बुजवून त्यागराय नगर उभे केले गेले. नुंगंबाक्कमच्या तलावाच्या जागी १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक आले. आता त्या भागांत टँक बंड रोड आहे, लेक व्ह्यू रोड आहे, आणि तलाव तेवढा नाही. पण जुन्या पापांची सर्वांत मोठी पुनरावृत्ती घडली ती दक्षिणेस, पळ्ळिकरणै येथे. १९६५ च्या सुमारास साडेपाच हजार हेक्टरांवर पसरलेली ही गोड्या पाण्याची पाणथळ साठांहून अधिक तलावांचे पावसाळी पाणी पोटात घेई आणि ओक्कियम मडुवूच्या ओढ्याने बकिंगहॅम कालव्यात, तेथून कोवळमच्या खाडीत सावकाश सोडून देई. शहराच्या दक्षिण अर्ध्या भागाचा पूर आणि दुष्काळ या दोहोंवरील हा निसर्गदत्त इलाज, एक पैसा खर्च न करता मिळालेला. त्याचे आपण काय केले? पेरुंगुडीला दोनशे एकरांहून अधिक जागेवर शहराचा कचरा ओतला. माहिती-तंत्रज्ञानाच्या महामार्गाने तिच्या कुशीत काचेच्या इमारती रोवल्या. आणि विडंबनाची परिसीमा अशी की समुद्राचा अभ्यास करणारी राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था व वाऱ्यापासून वीज काढण्याचे शास्त्र शिकवणारी राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था, या दोन्ही केंद्रीय संस्थांना निसर्गाचा अभ्यास करण्यासाठी याच दलदलीची भूमी दिली गेली. पाणथळ पूर्वीच्या आकाराच्या एका लहानशा तुकड्यापुरती आक्रसली. तिची दखल घेण्यास कोणी पुढे आले असेल तर ती वर्षानुवर्षे तेथे येणारी रोहित पक्ष्यांची आणि बदकांची रांग, आणि त्यांच्यामागून कॅमेरे व रेखनवह्या घेऊन जाणारी काही वेडी माणसे.

मग डिसेंबर २०१५ आला. एका दिवसात ढगांनी जे ओतले त्याला जाण्यासाठी वाटच उरली नव्हती. अड्यार नदीने काठ सोडले, वेळचेरी, मुडिचूर आणि ताम्बरमची घरे बुडाली, त्या पावसाळ्यात तमिळनाडूत चारशेहून अधिक माणसे गेली, आणि विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी उभे राहिले. अवघ्या साडेतीन वर्षांनी, जून २०१९ मध्ये, हेच शहर पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम या चारही जलाशयांचा तळ पाहत होते आणि जोलारपेट्टैहून रेल्वेच्या टाक्यांत भरून येणाऱ्या पाण्याची वाट बघत होते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने पुन्हा तीच वस्ती बुडवली, आणि त्याच पुरात एन्नोरच्या खाडीवर तेलाचा तवंग पसरला. बुडणारे शहर आणि तहानलेले शहर एकच. पाण्याची जागा ज्याने विकली त्याला पाणी दोन्ही अंगांनी मारते.

आम्हांस ठाऊक आहे, आता गरिबाच्या घराची ढाल पुढे येईल. मोकळी जमीन राखली तर निवारा कोठे द्यावयाचा, असा कळवळ्याचा प्रश्न नेमके ते लोक विचारतील ज्यांनी एकाही गरिबाला चांगल्या जमिनीवर कधी पाऊल ठेवू दिलेले नाही. त्या कळवळ्याचा हिशेबच पाहू. कूवम आणि अड्यार या नद्यांच्या काठावरील झोपड्या नदी वाचवावयाची आहे असे सांगून उठवल्या गेल्या, २०१५ च्या पुराचे निमित्त करून तर त्या कामाला वेगच आला. आणि नदीकाठ धोक्याचा म्हणून जिथून हुसकावले त्या कुटुंबांना वसवले कोठे? शहरापासून वीसेक किलोमीटर दूर सेम्मंजेरीत, पेरुंबाक्कमच्या उंच इमारतींत, म्हणजे त्याच पाणथळीच्या सखल काठावर, जिथे पावसाळा आला की पाणी पुन्हा दारात उभे राहते. नदीकाठचा श्रीमंत मात्र नदीकाठीच राहिला. त्याच्या दिवाणखान्याला नदीचे दृश्य लाभते आणि त्याबद्दल तो चौरस फुटामागे अधिक दाम मोजतो. गरिबाच्या नावाने पाणथळ मागावी, गरिबाला तिच्यात बुडवावे आणि कोरडी कडा धनिकाला विकावी, हे ज्या राज्यात घडते तेथे दयेचा शब्द उच्चारणे हाच गुन्हा ठरावा.

२०२२ साली पळ्ळिकरणैच्या १,२४७ हेक्टरांना रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मंत्र्यांनी अभिनंदने केली, छायाचित्रे निघाली. परंतु त्या हेक्टरांच्या सीमा प्रत्यक्ष जमिनीवर कोठे येतात हे कोणी ठरवले नाही, आणि म्हणूनच २०२५ साली राष्ट्रीय हरित लवादाला तेथे व भोवतालच्या एक किलोमीटरात बांधकाम-परवानग्या रोखाव्या लागल्या, तर पेरुंबाक्कममधील एका अवाढव्य गृहप्रकल्पाला मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सन्मानपत्र भिंतीवर, परवाना टेबलाखालून.

आणि चित्रकारांनी करावे तरी काय, असे विचारणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. पॅरिसजवळील फोंतेनब्लोच्या अरण्यात जुने ओक तोडले जाऊ लागले तेव्हा बार्बिझाँच्या तेओदोर रूसो या निसर्गचित्रकाराने १८५२ साली थेट सरकारदरबारी अर्ज धाडला. पुढच्याच वर्षी ६२४ हेक्टर कुऱ्हाडीबाहेर ठेवले गेले आणि १८६१ च्या राजाज्ञेने ते क्षेत्र सुमारे अकराशे हेक्टरांवर गेले. अमेरिकेत थॉमस मोरन याने १८७१ च्या मोहिमेत यलोस्टोनची जलरंगचित्रे काढली, ती वॉशिंग्टनच्या प्रतिनिधींपुढे ठेवली गेली, आणि १ मार्च १८७२ रोजी ती भूमी जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे १९८६ पासून ओक ग्रुप नावाची निसर्गचित्रकारांची मंडळी बिल्डरांच्या डोळ्यांत भरलेल्या टेकड्या आणि किनारे जागेवर जाऊन रंगवते, प्रदर्शन भरवते आणि विक्रीचा अर्धा वाटा ती जमीन वाचवणाऱ्या संस्थांना देते. अर्धा वाटा! आमच्याकडे अर्धी मोकळी टेकडी गेल्यावर चित्रकाराला तिची आठवण येते, आणि तीही ‘नॉस्टॅल्जिया’ असे नाव देऊन प्रदर्शन भरवण्यापुरती.

होय, आता आम्ही महाराष्ट्राकडे वळतो, कारण चेन्नईच्या दुर्दशेवर सुस्कारे टाकून पुण्या-मुंबईच्या वाचकाने पान उलटावे एवढे पुण्य आपल्या गाठी नाही. निसर्गचित्राची परंपरा आपण जगात मिरवतो. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि कोल्हापूरचा परिसर रंगवला. आज तेथील तळ्यांच्या पाण्याकडे नाक न दाबता पाहता येते काय? शिवाजी तुपे यांनी नाशिकचे घाट रंगवले. त्या गोदावरीच्या कुंडांत काँक्रीट ओतले गेले. मिठी नदीच्या मुखाशी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, आणि २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पावसाने त्याचा जाब विचारला, तरीही २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्विकासासाठी मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्यास मान्यता दिली. पुन्हा गरिबाचेच नाव. पुन्हा पाण्याचीच जागा. जून ते सप्टेंबर वेताळ टेकडीवर छत्री धरून जलरंग करणाऱ्यांची पुण्यात उणीव नाही. पण त्याच टेकडीतून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांत चित्रकला-वर्गांचे किती गुरुजी होते, हे त्यांनी स्वतःशीच मोजावे.

तेव्हा मागण्या थोड्या आहेत आणि त्या अर्जाच्या भाषेत आम्ही मांडणार नाही. तमिळनाडू सरकारने पळ्ळिकरणैच्या सीमा सर्व्हे क्रमांकांसह जाहीर कराव्यात, दगड रोवून जागेवर दाखवाव्यात, आणि एन्नोरची खाडी १९९६ च्या नकाशात होती तशी दप्तरात परत आणावी. महाराष्ट्र सरकारने मिठागरांवरील आपला हात आधी मागे घ्यावा आणि मग पर्यावरण दिनी रोपे लावावीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले होते. त्या आदेशाची प्रत ज्या कचेरीत धूळ खात पडली आहे तेथून ती काढून जिल्हाधिकाऱ्याच्या मेजावर ठेवण्यासाठी नवा कायदा लागत नाही, लाज लागते.

आणि चित्रकारांनो, तुम्हांला आमची विनंती नाही, तगादा आहे. ज्या भूमीवर तुम्ही उपजीविका करता तिच्या सुनावणीला जा, तुमच्या रेखनवहीतील पान तारखेनिशी पुरावा म्हणून दाखल करा. दलदल होती, पाणी होते, पक्षी होते, हे सांगणारा साक्षीदार महसूल खात्याला नको असतो, म्हणूनच तो न्यायालयाला हवा आहे. ज्या विकासकाने पाणथळ बुजवली त्याच्या संकुलाच्या स्वागतकक्षात त्याच पाणथळीचे चित्र टांगण्यास नकार द्या. तो नकार खासगीत कळवू नका. नाव घेऊन, छापून द्या.