हेलिकॉप्टर येण्याआधी त्यातली पिशवी उघडून पाहा



कोयलीच्या गुजरात रिफायनरीत ११ नोव्हेंबर २०२४ रोजी टाकीला आग लागली आणि दोन कामगार प्राणांना मुकले. एकीकडे रिफायनरी, दुसरीकडे खत कारखाना, मधून अहमदाबादकडे जाणारा लोहमार्ग. वडोदऱ्याजवळच्या अशा आमच्या बाजव्यात एअर ॲम्ब्युलन्सची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नाही. ऋषिकेशच्या एम्समध्ये त्याच सुमारास हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली, तेव्हा ‘आपल्याकडे कधी?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याआधी विचारायला हवे की, त्या हेलिकॉप्टरमध्ये रुग्णाचा श्वास चालू ठेवण्याचे साहित्य कोणते असेल आणि ते कुणाच्या हाती असेल?

धुरात कोंडलेल्या माणसाच्या नाकातले केस करपलेले असतात, थुंकीत काजळी येते, आवाज घोगरा होतो. तरी तो बोलत असतो, म्हणून बरा वाटतो. पुढच्या काही तासांत घसा आतून इतका सुजू शकतो की श्वासनलिकेत नळी घालणेच अवघड होऊन बसते. म्हणूनच नळी लागणार असे दिसत असेल, तर ती उड्डाणापूर्वी, जमिनीवरच घालायला हवी. वर गेल्यावर डॉक्टरला रुग्णाच्या डोक्यामागे नीट बसायलाही जागा मिळत नाही.

त्यात पंख्यांची घरघर. स्टेथोस्कोपचा तिथे काडीचा उपयोग नाही. नळी श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हे सांगतो कॅप्नोग्राफ. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट तो पडद्यावर दाखवतो. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष धक्कादायक होता. अतिदक्षता विभागांत श्वासमार्गाच्या दुर्घटनेमुळे मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा झालेल्या ७४ टक्के प्रकरणांत कॅप्नोग्राफ न वापरणे किंवा तो नीट न वाचणे हेही एक कारण होते. ही गत रुग्णालयातल्या स्थिर खाटांवरची!

बाकीचे साहित्य तुलनेने स्वस्त आहे: नळीला वाट दाखवणारी बुजी, नळी जमलीच नाही तर घशात बसवायचे आय-जेल, अखेरचा उपाय म्हणून गळ्यावर छेद घेण्याचे स्कालपेल, बॅटरी संपली तरी चालणारे हाताचे सक्शन. नळीच्या फुग्यातला दाब मोजणारा छोटा मापकही हवा, कारण उंचीवर हवा प्रसरण पावते आणि फुगा श्वासनलिकेच्या भिंतीवर दाबतो. कोट्यवधींच्या हेलिकॉप्टरपुढे हा खर्च किरकोळ. तो वाचवण्याचे समर्थन होऊच शकत नाही.

शिवाय बाजव्याहून सयाजीराव रुग्णालय रस्त्याने फार दूर नाही. रुग्ण आधी तिथे, २००७पासून गुजरातेत धावणाऱ्या १०८च्या रुग्णवाहिकेतूनच जाणार. हेलिकॉप्टर लागेल ते पुढे, अहमदाबाद किंवा मुंबईसाठी. तेव्हा दोन्ही वाहनांत या साहित्याची एकाच मांडणीची पिशवी असावी, तिची यादी निविदेतच लिहावी आणि ती जाहीर व्हावी. कारखान्यांच्या मॉक ड्रिलमध्ये हूटर वाजतात, पाण्याचे फवारे उडतात. त्याच वेळी डमीच्या घशात नळी घालून कॅप्नोग्राफ जोडण्याचा सरावही वैद्यकीय पथकाकडून करून घ्यावा.

— एक वाचक, बाजवा (वडोदरा)