टेकडीवर जाणाऱ्या पुणेकरांना जाहीर आवाहन

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव इथे रोज फिरायला जाणाऱ्या सर्वांना मनापासून विनंती आहे. आठवड्यातली पंधरा मिनिटे टेकडीवरच्या एका झाडासाठी द्या.

आपल्या टेकड्यांची छायाचित्रे सेंटिनेल-२ हे युरोपीय उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी घेतात. जमिनीचा १० मीटर लांब-रुंद तुकडा म्हणजे त्या चित्रातला एक ठिपका. ही चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. टवटवीत पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंतल्या फरकावरून कुठे किती हिरवळ आहे ते मोजतात. वणव्याने काळा पडलेला उतार किंवा पोखरलेला कोपराही त्यातून कळतो.

पण एप्रिलमधली चित्रे फसवी असतात. सालई, मोई, गणेर ही आपल्या कोरड्या टेकड्यांची अस्सल झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण उभी असतात, गवत वाळलेले असते. वरून पाहणाऱ्याला तो उतार ओसाड वाटतो. आणि एकदा ओसाड ठरला, की तिथे खड्डे खणायला नाहीतर रस्ता आखायला कोणाची हरकत राहत नाही. याउलट मध्य अमेरिकेकडून आलेल्या गिरिपुष्पाची एकसुरी लागवड पावसाळ्यात हिरवीगार दिसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान १ हेक्टर जमिनीवर १० टक्के किंवा त्याहून अधिक वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन. झाड कोणते, हा प्रश्न तिथे येत नाही. म्हणून आम्ही ठामपणे म्हणतो, की हिरवळीचा आकडा वाढला म्हणजे टेकडी सुधारली असे मुळीच नाही. कोणत्या ठिपक्यात सालई आहे आणि कोणत्यात गिरिपुष्प, हे जमिनीवरच्या नोंदींशिवाय खात्रीने सांगता येत नाही. त्या नोंदी तुम्हीच करू शकता.

एक झाड निवडा. पान, साल, फूल यांचे फोटो काढून ते स्थळासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. नाव ओळखायला तिथे जाणकार मदत करतात. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा. नवी पालवी, कळ्या, फुले, पानगळ यांची नोंद सीझनवॉच या झाडांचे ऋतुबदल टिपणाऱ्या उपक्रमात दर आठवड्याला करता येते. कोणत्या आठवड्यात कोणते झाड निष्पर्ण होते हे हाती आले, की उन्हाळ्यातल्या चित्राचा खरा अर्थ लागेल.

एकच काळजी घ्या. चंदनाच्या झाडाचे नेमके ठिकाण कुठेही उघड करू नका. चोर टपलेले असतात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सोबत आणावे. मोई, धावडा, मेडशिंगी ओळखणाऱ्या ज्येष्ठांनी नवख्यांना ती झाडे दाखवावीत. गणेर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळाधमक फुलतो आणि तेव्हा तो कोणालाही ओळखता येतो. ज्यांना झाडांची ओळख नसेल, त्यांनी गणेरापासून सुरुवात करावी.