मांडव सजवणाऱ्याचे घर

तुळशीचे लग्न लागले की मराठी घरांत मुहूर्तांची चौकशी सुरू होते. कार्यालय मिळाले, गुरुजी ठरले, आचाऱ्याला विसार दिला, की पाळी येते सजावटवाल्याची. त्याच्या हाती आपण काय सोपवतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. बोहल्यावरची कमान, वधूवरांचे हार, करवल्यांच्या वेण्या, प्रवेशद्वाराचे तोरण हे सारे त्याच्याकडे असते. लग्नाचा अल्बम पुढची पन्नास वर्षे घरात राहतो आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक छायाचित्राची पार्श्वभूमी या माणसाने एका रात्रीत उभी केलेली असते.

अशाच दोन माणसांविषयी आज लिहायचे आहे. ते दोघे पुण्यात पुष्पसजावटीचा व्यवसाय एकत्र करत आणि एकाच घरात राहत. स्पष्ट शब्दांत सांगायचे तर ते समलिंगी जोडपे होते. असा विषय या पानांवर कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. ज्या विषयावर आपल्या घरांत फक्त कुजबुज किंवा थट्टा होते, त्यावर कधीतरी शांतपणे बोलले पाहिजे, एवढेच त्याचे उत्तर आहे.

माझ्या थोरल्या पुतणीचे लग्न डिसेंबर २०१९ मध्ये झाले. सजावटीचे काम या दोघांकडे होते. एक जुन्नरकडच्या शेतकरी कुटुंबातला. फुलांच्या शेतातच लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे कळी पाहून ती किती तासांनी उमलेल हे तो सांगू शकत असे. दुसरा पुण्यातलाच, चित्रकला शिकलेला. रंगसंगती त्याची, फुलांची निवड पहिल्याची. लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयात दुसऱ्याच कोणाचा स्वागतसमारंभ होता. तो अकरा वाजता आटोपला आणि आमचे सीमांतपूजन सकाळी आठला. मधल्या वेळात जुनी सजावट उतरवायची, सांगाडे उभे करायचे आणि फुले लावायची. शेतकऱ्याचा मुलगा पहाटेच गुलटेकडीच्या फूल बाजारात पोचला होता. तेथून झेंडू, शेवंती आणि निशिगंध आला, मावळातल्या पॉलिहाउसमधले गुलाब आले, ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगरा आला. सकाळी आम्ही दारात पोचलो तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, इतका तो मांडव देखणा झाला होता.

हा व्यवसाय बाहेरून दिसतो तितका रंगीत नाही. माल नाशवंत, त्यामुळे उरले ते सारे नुकसानीत. भाव मुहूर्तावर चढतात, ग्राहकाशी ठरलेली रक्कम मात्र तीन महिन्यांपूर्वीची असते. चातुर्मासात लग्ने नाहीत. त्या दिवसांत गणपती आणि नवरात्र यांवर निभावायचे. पितृपक्ष कोरडाच जातो. पंचांगातल्या एका अधिक मासाने वर्षाचे गणित बदलते. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच गेला म्हणून फारसा जाणवला नाही. २०२६ चा अधिक मास मात्र ज्येष्ठाचा, म्हणजे ऐन लग्नसराईतला. कारागिरांची मजुरी रोख, बाजारातली खरेदी रोख, आणि यजमानाकडून येणारी उरलेली रक्कम लग्नानंतर, यजमानाला सवड होईल तेव्हा.

येथे मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. जेवणाच्या पंक्तीत आमच्याच एका नातेवाइकांनी त्या दोघांकडे बोट दाखवून काही शेरा मारला. शेजारचे चारजण हसले. मी हसलो नाही, पण गप्प राहिलो. शेरा त्या चित्रकाराच्या कानी गेला होता. तो खाली वाकून समईजवळची फुले सारखी करत राहिला. पुढे हिशोबाच्या वेळी दादांनी एकूण पंच्याऐंशी हजारांतले शेवटचे वीस हजार दोन महिने अडकवून ठेवले आणि अखेरीस त्यातून पाच हजार कापून घेतले. "ती माणसे काही वाद घालायला यायची नाहीत," असे ते म्हणाले, आणि ते खरे ठरले. आचाऱ्याशी आम्ही असे वागलो नव्हतो, कारण आचारी चारचौघांत आवाज चढवू शकतो. ज्याच्या खासगी आयुष्याचा बभ्रा होण्याची भीती त्याच्याच मानेवर आहे, त्याला तो चढवता येत नाही. आमच्यासारख्या सुशिक्षित, देवाधर्माच्या घराने त्या भीतीचे पाच हजार रुपये केले, हे मला फार उशिरा उमगले.

धाकट्या पुतणीचे लग्न डिसेंबर २०२३ मध्ये ठरले तेव्हा आमच्या सौ.नी त्याच सजावटवाल्यांना बोलवायचा आग्रह धरला. फोन केला आणि एकटा शेतकऱ्याचा मुलगा भेटायला आला. चित्रकार २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला होता. त्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. सजावटीचे काम म्हणजे दोन हार आणि एक तोरण. उत्पन्न थांबले होते आणि त्यातच हा आघात.

त्यानंतरची हकीकत त्याने सांगितली ती अशी. गाळ्याचा भाडेकरार चित्रकाराच्या नावावर होता. बँकेतले खाते त्याचे, टेम्पो त्याच्या नावावर, राहती सदनिकाही त्याच्याच नावाची, जरी तिचे हप्ते दोघांच्या कमाईतून जात होते. अकरा वर्षांच्या व्यवसायाचा भागीदारीचा एकही कागद नव्हता. मृत्युपत्र नव्हते. चाळिशीतला माणूस मृत्युपत्राचा विचार करत नाही. तेराव्यानंतर भाऊ आला आणि त्याने किल्ल्या मागितल्या. यात त्याने कायदा मोडला असे म्हणता येणार नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे अविवाहित पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर संपत्ती आईकडे जाते. आई नसेल तर वडिलांकडे, आणि तेही नसतील तर भावंडांकडे. ज्याच्याबरोबर संसार केला, त्याचे नाव त्या यादीत कोठेच नाही. चित्रकाराच्या आईने एवढेच केले, की टेम्पोच्या कागदावर सही करून तो याला देऊन टाकला. "तुझे पोट त्याच्यावर आहे," असे ती माउली म्हणाली. बाकी सारे गेले. त्या टेम्पोवर याने पुन्हा धंदा उभा केला.

विवाहाच्या व्याख्येचा वाद मी येथे जाणीवपूर्वक बाजूला ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दुसऱ्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो प्रश्न संसदेचा असल्याचे सांगितले. मार्च २०२३ मध्ये सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा स्त्रीपुरुषांमधील संस्कार आहे, ही भूमिका मांडली. त्याच वर्षीच्या जानेवारीत सरसंघचालक मोहनराव भागवत यांनी एका मुलाखतीत सांगितले होते, की अशी माणसे समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांना जगण्याचा अधिकार आहे आणि आपणही या समाजाचेच आहोत असे त्यांना वाटले पाहिजे. पहिले विधान आपल्याला पाठ आहे. दुसऱ्याचा आपल्या घरच्या व्यवहारात काय अर्थ होतो, हे आपण स्वतःला विचारले आहे काय? माझ्या मते त्याची पहिली कसोटी पंक्तीतल्या शेऱ्याला दिलेले उत्तर ही आहे, आणि दुसरी कसोटी वेळेवर चुकती केलेली रक्कम.

फुले आणि विवाह यांचा हा वाद अमेरिकेत निराळ्या वाटेने गेला. वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलँड गावी एका फूलविक्रेत्या बाईंनी २०१३ साली आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला, तो पुरुषाशी विवाह करतो आहे म्हणून, लग्नाची फुले देण्याचे नाकारले. श्रद्धा आड येते, असे त्यांचे म्हणणे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल बाईंच्या विरुद्ध दिला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटले. आठ वर्षे दोन्ही बाजू कोर्टात उभ्या होत्या. आपल्याकडे नाते उलटे आहे. येथे विकणारा समलिंगी आणि घेणारे आपण. खासगी यजमानाने अशा माणसाचे काम नाकारले वा पैसे कापले, तर या कारणासाठी त्याला जाब विचारणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे सारे काही यजमानाच्या विवेकावर सोपवलेले आहे. जेथे कायदा नाही तेथे संस्काराने काम करावे, असे आपण नेहमी म्हणतो. मग ते येथेही लागू झाले पाहिजे.

आता त्या माणसांनाही काही सांगायचे आहे. कारण वाचकांपैकी कोणाचा मुलगा, भाचा वा शेजारी अशा परिस्थितीत असू शकतो. विवाहाचा कायदा त्यांना जवळ करत नसला तरी व्यवसायाचा कायदा करतो. भागीदारी कायदा १९३२ चा आहे. दोन व्यक्तींनी मिळून धंदा करावा आणि नफा वाटून घ्यावा, एवढेच तो पाहतो. त्यांचे परस्परांशी नाते काय, हे विचारत नाही. करारपत्र लिहून त्याची नोंदणी करावी. एक भागीदार वारला की भागीदारी सामान्यतः संपते. म्हणून त्याच्या पश्चात दुसऱ्याने व्यवसाय कसा चालवावा आणि मृताचा हिस्सा त्याच्या वारसांना कसा चुकता करावा, हे त्या करारातच लिहून ठेवावे. गाळ्याचा करार दोघांच्या नावे असावा. एकत्र बँक खाते उघडण्यास अशा जोडप्यांना आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थमंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. नामनिर्देशनही करता येते. परंतु नामनिर्देशित व्यक्ती पैसे ताब्यात घेते. ते मालकीचे कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. म्हणून मृत्युपत्र हवेच. ते साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरेशा होतात, मुद्रांक लागत नाही. ज्या दिवशी धंद्याचा पहिला फलक लागतो, त्याच आठवड्यात हे कागद करून घ्यावेत.

आणि आईवडिलांना काय सांगावे? जुन्नरच्या त्या घरात वडिलांनी मुलाशी बोलणे सोडले त्याला आता पंधरा वर्षे झाली. त्यांच्या मळ्यातली शेवंती गुलटेकडीला येते आणि मुलगा त्याच बाजारात खरेदी करतो. कधीतरी घरच्याच वावरातली फुले आपल्या सजावटीत येत असतील, असे तो म्हणाला, आणि लगेच दराविषयी बोलू लागला. वडिलांचे दुःख मी समजू शकतो. नातवंडांची आस, गावातली बोलणी, धाकट्या बहिणीच्या लग्नाची चिंता, हे सारे खरे आहे. पण आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो तो कशासाठी? संकटात जवळचे माणूस पाठीशी उभे राहते म्हणून. तो चित्रकार रुग्णालयात असताना याला बाहेर पायरीवर बसावे लागले, कारण अर्जावर नात्याच्या रकान्यात काय लिहावे हे त्याला कळेना. अखेर त्याने 'मित्र' असे लिहिले, आणि मित्राला कोणी काही सांगेना. त्या वेळी जुन्नरहून कोणी वडीलधारे येऊन त्याच्या शेजारी बसले असते, तर कोणत्या व्याख्येला धक्का लागला असता?

धाकट्या पुतणीच्या लग्नात त्याने एकट्याने मांडव सजवला. फक्त झेंडू आणि आंब्याची पाने, बोहल्यावर पांढरी शेवंती. रंगांचे काम पूर्वी दुसरा पाहत असे, म्हणून आता साधेच करतो, असे तो म्हणाला. या वेळी मी दादांना आधीच बजावले होते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि दुपारी तो सांगाडे उतरवायला आला तेव्हा पूर्ण रक्कम पाकिटात तयार होती. त्यात २०१९ चे पाच हजारही होते. त्याने पाकीट उघडून मोजले, जादा नोटा वेगळ्या काढून माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाला, "काका, हे जास्त आलेत." मी कारण सांगितले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "त्याने त्या रात्री वहीत लिहून ठेवले होते, पाच हजार येणे. मी ते खोडले नव्हते."

आपल्यापैकी कितीजणांच्या नावापुढे अशा वह्यांत काही येणे शिल्लक असेल. सगळेच रुपयांत मोजता येणारे नसेल. पुढच्या लग्नसराईत मांडवात शिरताना फुलांकडे पाहाल, तेव्हा ती कोणी लावली हे एकदा विचारा. त्याला पंक्तीत बसवून जेवू घाला. आणि जाताना त्याचा हिशोब पुरा करा.